कर्जाचे कारण : बर्फ

अड्याळात बर्फ तीन ठिकाणी मिळतो. गोळेवाल्याच्या हातगाडीवर, रसवंतीत आणि बाजाराच्या दिवशी मासोळीवाल्यांकडे. तिन्ही ठिकाणी तो लादीच्या रूपाने येतो, गोणपाटात गुंडाळलेला, भुशात लोळलेला, आणि दुपारी दोनपर्यंत पाणी होऊन नालीला लागतो. चौथा बर्फ आमच्या फ्रिजमधला. पण मे महिन्यात विजेची जी ये-जा चालते ती पाहता त्याला मी बर्फ म्हणत नाही, बर्फाची इच्छा म्हणतो. अशा गावात राहणाऱ्या माणसाच्या मुलीने एका सकाळी "बाबा, मला बर्फावर नाचायचं आहे" असं जाहीर केलं, तर बापाने काय करावं? मी चहा सांडला.

हे अड्याळ म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं. हे मुद्दाम सांगतो, कारण चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे एक अड्याळ टेकडी आहे आणि आमचे पाहुणे अधूनमधून तिकडे जाऊन आम्हाला फोन करतात. आमच्याकडे टेकडी नाही. धानाच्या बांध्या आहेत, तळी आहेत, हनुमानाचं देऊळ आहे, आणि एका बँकेची शाखा आहे. त्या शाखेच्या कर्ज विभागात मी आहे. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक पंखा आणि मी. यांपैकी पंखा सोडून बाकी सगळे नियमित चालतात, असं मॅनेजरसाहेबांचं मत आहे. माझं मत संगणकाबद्दल थोडं वेगळं आहे.

तर मुलगी. वय वर्षं अकरा. तिच्या आईच्या मोबाइलवर तिने एका पोराला पाहिलं होतं. अंगाला घट्ट बसलेला पोशाख, पायांत पाती लावलेले बूट. हा पोरगा एका पायावर उभा राहून गरगर फिरतो आणि फिरता फिरता दुसरा पाय पाठीमागून धरून डोक्याच्या वर नेतो. या प्रकाराला म्हणे बीलमन फिरकी म्हणतात, स्वित्झर्लंडच्या डेनीस बीलमन या बाईंच्या नावावरून. पुरुषांना ती सहसा जमत नाही, त्यांची कंबर तितकी वाकत नाही. माझी तर खाली पडलेलं पेन उचलायलाही वाकत नाही. "हा आपल्यासारख्याच गरम गावचा आहे," मुलगी म्हणाली. मी मोबाइल हातात घेतला. पोराचं नाव मायकेल ख्रिश्चन मार्टिनेझ. देश फिलिपाइन्स.

आता मुलांना एकदम 'नाही' म्हणू नये, असं सौ.चं धोरण आहे. बँकेचंही तेच आहे. बँकेत आम्ही अर्जदाराला तोंडावर 'नाही' कधीच म्हणत नाही. कागद मागवतो, आकडे मांडतो, आणि मग ते आकडेच त्याला नाही म्हणतात. आम्ही नुसते शेजारी दुःखी चेहऱ्याने बसलेले असतो. मीही हाच मार्ग धरला. "मी या मुलाची सगळी माहिती काढतो," मी म्हणालो, "मग ठरवू." मनात म्हटलं, आठ दिवसांत हे प्रकरण बंद.

आणि मी त्या फिलिपिनो पोराची फाईल उघडली.

अर्जदाराचा जन्म 4 नोव्हेंबर 1996, मनिला महानगरातल्या परान्याके इथला. देशात बर्फ पडत नाही. आयुष्यात पडायची शक्यता नाही. तिथे बर्फ आहे तो मॉलमध्ये. खाली दुकानं, वर दुकानं आणि मध्ये यंत्राने गोठवलेला एक चौक. आठ-नऊ वर्षांचं हे पोर एक दिवस आईबरोबर मॉलमध्ये गेलं आणि तिथल्या बर्फावर घसरणाऱ्या लोकांना पाहून थबकलं. आपली पोरं मॉलमध्ये थबकतात ती खेळण्यांच्या दुकानासमोर. तिथे निदान शंभर-दोनशे रुपयांत सुटका होते.

त्यात प्रकृती. पोराला लहानपणापासून दमा. म्हणजे कर्ज प्रकरणात ज्याला आम्ही 'जोखीम' म्हणतो, ती पहिल्याच पानावर. आणि दम्याच्या पोराने निवडलं काय, तर बर्फ! आमच्याकडे दमेकऱ्याला उन्हाळ्यातसुद्धा माठातलं पाणी देत नाहीत. सुरुवातीला त्या गारठ्याने त्याला त्रासही झाला. पण आईने पाहिलं, की पोरगा हळूहळू सुधारतो आहे, औषधं कमी होताहेत. तिने त्याला थांबवलं नाही. मॉलमधला तो बर्फ त्याच्या एकट्याचा थोडाच होता? सुट्टीच्या दिवशी फुगेवाली पोरं, हात धरून घसरणारी जोडपी, आपटणारे काका, या सगळ्यांमधून वाट काढत त्याने उड्या शिकायच्या. आमच्या बाजाराच्या दिवशी मासोळीच्या ओळीतून सायकल काढणं ज्याला जमतं, त्यालाच ही अडचण नीट कळेल.

इथपर्यंत मी खूश होतो. प्रकरण नामंजूर होण्याच्या सर्व लक्षणांनी युक्त होतं. पण मग मी खेळाबद्दल वाचायला लागलो आणि तिथे घसरलो.

त्या बुटांचं पातं सुरीसारखं एका धारेचं असेल असं मला वाटत होतं. तसं नाही. पात्याच्या मध्ये बारीक खोबण असते आणि त्यामुळे धारा दोन होतात, एक आतली, एक बाहेरची. कोणत्या धारेवर घसरता यावर सगळं गणित. पात्याच्या पुढच्या टोकाला विळीच्या खवणीसारखे दात असतात, ते बर्फात रुतवून काही उड्या घ्यायच्या. सौ.ला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पायात विळी बांधून नाचायचं." मला याहून चांगली व्याख्या कुठे सापडली नाही. मैदान साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद. दर थोड्या वेळाने त्यावरून एक यंत्र फिरतं. ते वरचा खरवडलेला थर तासतं आणि मागून पाणी सोडतं. तेही गरम पाणी! गरम पाण्याने बर्फ अधिक गुळगुळीत गोठतो. 1949 साली कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थाने हे यंत्र केलं. "सारवणच ते," सौ. म्हणाली. होय, सारवणच.

उड्यांना माणसांची नावं आहेत. साल्कोव, लुट्झ, अ‍ॅक्सल. नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉल्सनने 1882 साली आपली उडी दाखवली. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घ्यायच्या, ही एकटी तोंड पुढे करून. उतरायचं मात्र पाठमोरंच. त्यामुळे हिच्यात अर्धी फेरी जास्त पडते. तीन फेऱ्यांची अ‍ॅक्सल म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आणि ही उडीही साडेतीन! मार्टिनेझच्या भात्यात ही उडी होती. मला तो पोरगा उगीचच जवळचा वाटू लागला.

आणि गुण! इथे तर कारकून म्हणून मी हात टेकले. पूर्वी सहापैकी गुण देत. 2002 साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये परीक्षकांचं बिंग फुटलं, तेव्हापासून नवी पद्धत आली. आता प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला वेगळी किंमत, वर प्रत बघून वाढ किंवा घट, पडला की एक गुण वजा, आणि शेवटी दशांशानंतर दोन आकडे. अगदी रुपये आणि पैसे. नाचाचं इतकं चोख खातं मी दुसरं पाहिलेलं नाही.

तर या खात्यावर फेब्रुवारी 2014 मध्ये, रशियात सोची इथे, या पोराची नोंद झाली. आदल्या सप्टेंबरात जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फच्या नेबेलहॉर्न स्पर्धेतून तो पात्र ठरला होता. वय सतरा. आग्नेय आशियातून ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगपर्यंत पोचलेला तो पहिला. आणि त्या वर्षी फिलिपाइन्सच्या पथकात खेळाडू किती? एक. पथकही तोच, कर्णधारही तोच, झेंडाही त्याच्याच हातात. आमच्या शाखेत सुट्टीच्या मोसमात मी एकटा असतो तेव्हा मला थोडं असं वाटतं, पण तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही.

बरं, त्याच सोचीत आपले तीन होते. शिव केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल. पण त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, कारण निवडणुकांचा घोळ. त्यामुळे उद्घाटनाच्या संचलनात आपल्या तिघांना तिरंगा नव्हता, ऑलिंपिकच्या झेंड्यामागून चालावं लागलं. खेळ चालू असतानाच, 11 फेब्रुवारीला, निलंबन उठलं. एका देशाकडे झेंडा होता आणि पोरगा एकच. दुसऱ्या देशाकडे माणसं तीन, लोकसंख्या सव्वाशे कोटी, आणि झेंडा कागदपत्रांत अडकलेला. कागदपत्रांच्या बाजूने बोलणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तरी इथे मला काही सुचलं नाही.

मार्टिनेझला पहिल्या, छोट्या नाचात 64.81 गुण मिळाले. पहिले चोवीसच पुढे जातात, हा गेला. मोठ्या नाचात 119.44. एकूण 184.25. (बेरीज मी स्वतः तपासली आहे. बरोबर आहे.) क्रमांक एकोणिसावा. सोनं जपानच्या युझुरू हान्यूला.

एकोणिसावा! मला हवं ते सापडलं. आणि त्याच्याच खाली ती ओळ होती, जिची मी मनातल्या मनात वाट पाहत होतो. पोराच्या शिकवणीसाठी, परदेशातल्या सरावासाठी, आईने घर गहाण टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी फाईल मुलीपुढे ठेवली. एकेक मुद्दा आवाज न चढवता सांगितला. दमा. मॉल. घर गहाण. एकोणिसावा नंबर. मग चार वर्षांनी, 2018 साली, दक्षिण कोरियात प्याँगचांगला पुन्हा गेला, तोही स्वीडनने आपली जागा सोडली म्हणून. तिथे तिसांत अठ्ठाविसावा, मोठा नाच करायला मिळालाच नाही. "आता तूच सांग," मी म्हणालो आणि बँकेतला दुःखी चेहरा केला.

तिने थोडा विचार केला. "बाबा, आपलं घर गहाण टाकता येतं?"

"नाही."

"का?"

"ते आधीच आहे."

ते खरं आहे. आमचं घर आमच्याच बँकेकडे गहाण आहे. भिंती माझ्या, दारं माझी, गळणारी गच्ची तर शंभर टक्के माझी, पण कागद बँकेच्या तिजोरीत. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी ते मला परत मिळतील. सौ. आतून म्हणाली, "त्या आईने निदान पोरासाठी टाकलं. आपण टाइल्ससाठी टाकलं." टाइल्सचा आग्रह कोणाचा होता हे मी त्या क्षणी काढलं नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली आहेत.

रात्री मला झोप आली नाही. वीज गेली होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे ती मनिलाची बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसली होती. नमुना आठ, कर पावती, दोन जामीनदार, सगळं घेऊन. "कर्जाचं कारण?" मी विचारतो. "पोराला बर्फावर फिरायचं आहे." "परतफेड कशातून?" बाई गप्प. मी तिला कर्ज दिलं असतं का? नसतं. अगदी सभ्यपणे, पाणी देऊन, पंख्याखाली बसवून नसतं दिलं. आणि मी चुकलो असं कोणताही तपासनीस म्हणाला नसता.

दुसऱ्या दिवशी सोनेतारणाची गर्दी होती. रोवणीच्या आधी ती असतेच. एका बाईने पदराची गाठ सोडून एकदाणी टेबलावर ठेवली. सोनार वजन करत होता, मी फॉर्म भरत होतो. कारण या रकान्यात मी सवयीने 'घरखर्च' लिहायला घेतलं. पावसाळ्यात शेती, उन्हाळ्यात लग्न आणि मध्ये घरखर्च, हे आमचे तीन ऋतू.

"घरखर्च नका लिहू जी बाबूजी," बाई म्हणाली.

"मग?"

"जोडे लिहा. पोराले पळाचे जोडे पाहिजे. पोलीस भरतीचा सराव करून राहिला तो. चपलीनं पळते, पाय सोलून निघाले."

"मावशी, घरखर्चच लिहितो. आत तसंच बसतं."

"खोटं काहून लिहाचं जी? सोनं माहं आहे. जोडे लिहा."

संगणकात जोड्यांना जागा नाही. शेती आहे, आजार आहे, शिक्षण आहे, घरदुरुस्ती आहे, शेवटी 'इतर' आहे. मी 'इतर' दाबलं. पण कागदावर, माझ्या हस्ताक्षरात, 'मुलासाठी धावण्याचे जोडे' असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने अंगठा लावला नाही, सही केली. एकेक अक्षर कोरून. मागे उभे असलेले रांगेतले लोक कुरकुरले. कुरकुरू देत.

आमच्या वडिलांनी मला कधी कशाला नाही म्हटलं असं मला आठवत नाही. हेही त्या रात्री आठवलं. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा गावच्या मंडईच्या नाटकात मी एक विनोदी नोकर केला होता. ते पाहून वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीवाल्याने मला मोसमासाठी बोलावलं. मोसम म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगाव, रात्रभर नाटक आणि दिवसा टेम्पोत झोप. परीक्षा मार्चमध्ये. मी वहीच्या मागच्या पानावर जमाखर्च मांडला. एका बाजूला नाइट, एका बाजूला बुडालेलं वर्ष. बाकी वजा आली. मी वही मिटली आणि वडिलांना काही बोललोच नाही. पुढे त्यांना कोणाकडून तरी कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मले सांगतला असता तर." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अशी आमच्या घरातली प्रकरणं अर्ज येण्याआधीच निकाली निघतात.

आता बर्फाचं काय, हा प्रश्न उरलाच. आपल्या देशात तो अगदीच नाही असं नाही. शिमल्याला 1920 पासून उघड्यावरचं मैदान आहे. पाणी पसरायचं आणि रात्रीच्या थंडीने ते गोठायची वाट पाहायची. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठं बंदिस्त मैदान बांधलं, आणि स्पर्धा संपल्यावर ते बरीच वर्षं बंद पडून राहिलं, कारण बर्फ सांभाळायलाही पैसे लागतात. 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. आपल्या पुण्याची श्रुती कोतवाल बर्फावरच्या वेगाच्या शर्यतीत भारताकडून उतरली. पुण्यात तरी बर्फ कुठला? पण पुण्याचं नाव काढलं की सौ. म्हणते, "ते पुणं आहे." यावर वाद नसतो.

मग भंडाऱ्याला गेलो असताना मी चाकांचे स्केट घेतले. किंमत सांगत नाही, सौ.ला एक आकडा सांगितला आहे आणि तो या पुस्तकात बदलणं धोक्याचं होईल. चाकं चार, खवणी नाही, बर्फ नाही. मुलीने पुडकं उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे ते नाहीत." मी म्हटलं, "हे 'इतर' आहेत."

पण चालवायचे कुठे? रस्त्यावर खड्डे, अंगणात फरशीचे तुकडे, देवळासमोर भाविक. शेवटी आमच्या एका खातेदाराच्या उसना तांदळाच्या गिरणीत तो सापडला. धान वाळवायचा सिमेंटचा ओटा! गुळगुळीत, सपाट, आणि मे महिन्यात रिकामा. मी पावलांनी मोजला. साठ बाय तीस भरत नाही, पण मनिलाच्या त्या मॉलहून लहान नसावा अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. गिरणीवाल्याला प्रकरण समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. फिलिपाइन्सपासून सुरुवात केली ही माझी चूक झाली.

"म्हणजे पोरगी इथं चाकावर फिरन," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"पडन."

"पडेल. एक गुण जाईल."

"काय?"

"काही नाही."

तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला आम्ही ओट्यावर असतो. आठनंतर सिमेंट इतकं तापतं की चाकं मऊ होतील अशी मला भीती वाटते. पहिले चार दिवस ती माझा हात धरून उभी राहायला शिकली. म्हणजे मी धरला होता असं ती म्हणते. सहाव्या दिवशी गुडघा फुटला. दहाव्या दिवशी तिने एका पायावर अर्धी फेरी घेतली आणि उरलेली अर्धी बसून पूर्ण केली. ओट्याच्या कडेला पोती शिवणारे दोन हमाल रोज बघायला बसतात. ते परीक्षक. तिसरा मी. माझ्या खिशात डायरी असते, त्यात मी तारीख आणि पडल्याची संख्या लिहितो. पहिल्या दिवशी सतरा होती. काल अकरा.

परवा गिरणीवाला डुलत आला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, एक सांगतो. नवं धान आलं का ओटा मले लागते. तवा लेकराले आवरा."

"कधी येतं धान?"

"दिवाळी झाली का येतेच."

म्हणजे शिमल्याचं मैदान ज्या सुमाराला उघडतं, त्या सुमाराला आमचं बंद होणार. मी डायरी काढली आणि दिवाळीपर्यंतचे दिवस मोजायला लागलो, तेवढ्यात ओट्यावरून 'धप्प' असा आवाज आला आणि पाठोपाठ हमालांपैकी एकाचा, "बारा लिहा जी!"